कॉलेज फुटबॉल: पाहुण्यांच्या स्टँडमधलं ऊन (सप्टेंबरचे दुपारचे सामने)

मधली_रांग:

सप्टेंबरचे पहिले तीन-चार शनिवार जवळ आले की तीच विचारणा सुरू होते. मुलाच्या कॉलेजचा सामना टेक्ससला आहे किंवा फ्लोरिडाला आहे, भारतातून आईबाबा आलेत, त्यांनाही न्यायचंय, ऊन झेपेल का? उत्तरं इकडेतिकडे विखुरली आहेत, म्हणून हा एक धागा. विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉलचाच, आणि तोही पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांच्या बाजूने. घरच्या लोकांना आपल्या स्टेडियममध्ये सावली कुठे पडते आणि पाणी कुठे मिळतं हे सवयीने ठाऊक असतं. पाहुण्यांना तसं काही कळत नाही, आणि त्यांच्या वाट्याला सहसा कोपरा नाहीतर वरचा मजला येतो.

आधी घड्याळ. शनिवारचे किकऑफ (सामन्याची सुरुवात) साधारण तीन ठरलेल्या वेळांना असतात: अमेरिकेच्या पूर्व भागातल्या वेळेप्रमाणे दुपारी १२, साडेतीन आणि संध्याकाळी ७ च्या आसपास. अलाबामा, लुईझियाना, टेक्ससचं घड्याळ एक तास मागे, म्हणजे तिथे ११, अडीच आणि ६ च्या पुढे. वेळ टीव्हीवाले ठरवतात. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांची ती बहुधा बरीच आधी कळते, पुढची बहुधा १२ दिवस आधी, कधी तर ६ दिवस आधी जाहीर होते. तिकीट घेताना वेळ माहीत नसेल तर वाईटात वाईट वेळ धरून जागा निवडा.

दुसरं म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, त्यामुळे इथे सूर्य १२ ला डोक्यावर येत नाही. फ्लोरिडातलं गेन्सव्हिल असो की टेक्ससमधलं ऑस्टिन, खरी माध्यान्ह दीडच्या सुमारास होते. म्हणून १२ च्या सामन्यात सगळ्यात तळपतं ऊन हाफटाइमच्या आसपास लागतं, आणि साडेतीनच्या सामन्यात हवा सगळ्यात तापलेली असताना खेळ सुरू होतो. सामना चालतो साडेतीन तास. फाटकं दीड-दोन तास आधी उघडतात. त्यात गाडीपासूनची चाल आणि टेलगेट (सामन्याआधी वाहनतळावर गाडीपाशी होणारं खाणंपिणं) मिळवलं की उन्हात सहा-सात तास होतात. तयारी त्या हिशेबाने करा, खेळाच्या चार क्वार्टरच्या हिशेबाने नाही.

सर्वेक्षक:

चांगला धागा. जागेबद्दल सविस्तर लिहितो, कारण एकदा जागा चुकली की पुढचे सगळे उपाय तोकडे पडतात.

बहुतेक मैदानं लांबीने उत्तर-दक्षिण आखलेली असतात, म्हणजे कुठल्याच संघाच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येत नाही. मोठे स्टँड त्यामुळे पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. प्रेस बॉक्सची (पत्रकार आणि प्रक्षेपणवाल्यांची) उंच इमारत सहसा पश्चिमेला असते, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी राहावा म्हणून. दुपारनंतर त्या इमारतीची सावली पश्चिमेच्या स्टँडवर वरच्या रांगांपासून खाली उतरत येते. त्या जागा महाग असतात आणि घरच्या जुन्या तिकीटधारकांकडे असतात. पूर्वेच्या स्टँडला मात्र तोंडावर ऊन, ते थेट मावळेपर्यंत. सगळ्यात वाईट ईशान्य कोपरा, कारण दुपारचा सूर्य नैर्ऋत्येकडून पश्चिमेला सरकतो आणि तो कोपरा पूर्ण वेळ त्याच्या समोर असतो. उलट नैर्ऋत्य कोपऱ्यात पश्चिम आणि दक्षिण अशा दोन्ही स्टँडची पाठ मिळते, तिथे सावली लवकर येते.

अपवाद लक्षात ठेवा. जॉर्जियाचं सॅनफर्ड स्टेडियम आणि लॉस एंजेलिसचं कॉलिझियम पूर्व-पश्चिम आहेत. तिथे दक्षिणेचा स्टँड बरा (सूर्य पाठीशी) आणि उत्तरेचा तापतो.

आता छताचं. खालच्या स्टँडच्या मागच्या रांगांवर वरच्या मजल्याचा भाग पुढे आलेला असतो, म्हणून लोक ‘छताखाली’ म्हणून त्या घेतात. पश्चिमेला हे बरोबर आहे, कारण ऊन मागून येतं आणि सावली छताच्या कडेच्याही पुढे जाते. पूर्वेला तेच छत दुपारी चारनंतर निरुपयोगी, कारण ऊन समोरून तिरपं आत शिरतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑस्टिनला माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर असतो, साडेचारला ४२ वर आणि साडेसहाला १६ वर. ४२ अंशांवर सावलीची लांबी इमारतीच्या उंचीहून थोडी जास्त, १६ अंशांवर साडेतीन पट. यावरून अंदाज बांधता येतो: अडीचच्या सामन्यात पश्चिमेचा खालचा भाग दुसऱ्या क्वार्टरपासून सावलीत जायला लागतो, आणि पूर्वेचे लोक शेवटपर्यंत डोळे बारीक करून बसतात.

तिकीट घ्यायच्या आधी हे करा. नकाशातलं उपग्रहचित्र उघडून मैदानाची दिशा बघा. मग सनकॅल्कसारख्या साइटवर ते स्टेडियम, सामन्याची तारीख आणि किकऑफची वेळ घाला. सूर्याच्या दिशेची रेघ तुमच्या स्टँडच्या पाठीमागून येते की समोरून, एवढंच पाहा. दोन तास पुढची वेळ घालून पुन्हा बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

गल्फचा_वारा:

@सर्वेक्षक, मायामीचं वेगळं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ मायामीचे सामने हार्ड रॉक स्टेडियममध्ये होतात आणि तिथे २०१६ मध्ये प्रेक्षकांवर मोठं छत घातलं. बहुतेक जागा सावलीत असतात. तरी दमटपणा छताने अडत नाही, तेव्हा पाण्यात कसूर नको.

सर्वेक्षक:

बरोबर, ते राहिलं होतं. धन्यवाद.

पन्हं:

फाटकावर काय चालतं ते कुणी नीट सांगेल का? छत्री नेता येते का? आईला उन्हात छत्रीची सवय आहे.

फाटक_क्रमांक_४:

छत्री जवळपास कुठेच चालत नाही, मागच्यांना दिसत नाही म्हणून. आईंसाठी टोपी आणि सुती ओढणी, हाच पर्याय.

बॅग पारदर्शकच लागते. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (दक्षिणेकडच्या मोठ्या कॉलेजांच्या गटात) २०१७ पासून हा नियम आहे आणि बाकी ठिकाणीही माप बहुतेक तेच: १२ × ६ × १२ इंचांची पारदर्शक पिशवी, किंवा एक गॅलनची झिपवाली प्लास्टिक पिशवी. शिवाय हातात मावेल अशी ४.५ × ६.५ इंचांची छोटी पर्स, ती अपारदर्शक चालते. पाठीवरची सॅक, कॅमेऱ्याची बॅग, कापडी थैली परत गाडीत ठेवायला लावतात. गाडी मैलभर लांब असली की तिथेच अर्धा तास उन्हात जातो.

पाण्याचे नियम स्टेडियमगणिक वेगळे. कुठे कंपनीची सीलबंद एक बाटली चालते, कुठे रिकामी पारदर्शक बाटली, कुठे काहीच नाही. कडक उन्हाच्या दिवशी काही जण नियम सैल करतात आणि तसं त्या आठवड्यात जाहीर करतात. यजमान कॉलेजच्या खेळ विभागाच्या पानावर ‘गेमडे’ किंवा ‘ए टू झेड गाइड’ असतं, ते शुक्रवारी रात्री पुन्हा वाचा. पूर्ण गोठवलेली बाटली नेऊ नका, आत काय आहे ते दिसत नाही म्हणून अडवू शकतात.

स्प्रेचे डबे बहुतेक ठिकाणी बंद. सनस्क्रीन ट्यूबमधलं किंवा स्टिकचं घ्या. आणि बहुतेक स्टेडियममध्ये एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. ‘गोळी गाडीत राहिली, आणतो’ असं म्हणायची सोय नाही.

अकोलेकर_टेम्पी:

ऊन दोन प्रकारचं आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. ॲरिझोना म्हणजे आपला विदर्भ. लुईझियाना, फ्लोरिडा म्हणजे मे महिन्यातलं कोकण. एकाचे उपाय दुसरीकडे नेले की फसतात.

ॲरिझोनातल्या टेम्पीत सप्टेंबरच्या सुरुवातीला १०० फॅरनहाइटच्या वर (३८ सेल्सियस) सहज असतं, म्हणून तिथले सुरुवातीचे सामने बहुधा रात्रीचे ठेवतात. घाम येतो आणि लगेच उडतो. अंग कोरडं लागतं आणि आपण फारसं पाणी गमावलं नाही असं वाटतं. तिथेच माणूस फसतो. सूर्य मावळला तरी काँक्रीटच्या पायऱ्या बराच वेळ उष्णता सोडत राहतात. अशा हवेत ओलं फडकं छान काम करतं: पांढरा सुती दुपट्टा किंवा पंचा भिजवा, पिळा, डोक्यावरून मानेवर घ्या, वीस मिनिटांनी पुन्हा भिजवा. तोंडाला बांधायचा असेल तर फाटकातून आत गेल्यावर. खिशातल्या कांद्याने मात्र अंग निवत नाही, त्या भरवशावर राहू नका.

लुईझियानातल्या बॅटन रूजला तेच ओलं फडकं दहा मिनिटांत कोमट होतं, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही. तिथे बर्फ हवा. खाण्याच्या काउंटरवर पेलाभर बर्फ मागा, रुमालात बांधा आणि मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत धरा. हातातला बॅटरीचा पंखा घाम सुकवण्यापुरता बरा, पण हवाच ९५ फॅरनहाइटच्या (३५ सेल्सियस) वर असली की तो तीच तापलेली हवा तोंडावर फेकतो.

ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत. पाहुण्यांचा किकऑफच्या वेळेत घोळ होतो तो त्यामुळे. तिकिटावरची स्थानिक वेळच धरा.

गल्फचा_वारा:

याला जोडून. हवामानाच्या ॲपवरचा नुसता आकडा पाहू नका, हीट इंडेक्स (तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला जाणवणारी उष्णता) पाहा. ९० फॅरनहाइट आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे अंगाला १०५ लागतं. आणि तो तक्ता सावलीतला आहे. भर उन्हात त्यावर १५ अंशांपर्यंत भर पडू शकते. पूर्वेच्या स्टँडमध्ये बसणाऱ्याने हा जास्तीचा आकडा धरूनच ठरवावं.

बॅटन रूजच्या टायगर स्टेडियमला शनिवारी रात्रीच्या सामन्यांची परंपरा आहे. रात्रीचा सामना म्हणजे सुटलो असं समजू नका. ऊन जातं, दमटपणा राहतो, आणि १ लाख २ हजार माणसांच्या गर्दीत वारा लागत नाही.

सुती_बाई:

कपड्यांचं. पाहुण्या संघाची जर्सी सहसा पांढरी असते आणि घरच्यांची गडद. पाहुण्यांच्या पथ्यावर पडणारी ही एकच गोष्ट, तेव्हा पांढरंच घाला. (एलएसयू, म्हणजे बॅटन रूजचा लुईझियाना स्टेटचा संघ, मात्र घरच्या मैदानावर पांढरी घालतात, तिथे रंग बघून घ्या.) काळा, मरून, गडद निळा टी-शर्ट उन्हात नको, कितीही अभिमानाचा असला तरी.

साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टातून ऊन बरंच आत येतं, आणि तो घामाने ओला झाला की आणखी. ज्यांची कातडी लवकर भाजते त्यांनी यूपीएफ ५० चा (कापड ऊन किती अडवतं त्याचं माप) पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्यावा, गोऱ्या-सावळ्याचा विचार न करता. टोपी बेसबॉलची नको. तिने कान आणि मान उघडे राहतात. सगळीकडून तीन इंच कड असलेली मऊ बकेट टोपी घ्या. खूप मोठ्या कडेची टोपी मागच्यांना आडवी येते आणि लोक काढायला लावतात.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, उन्हात जायच्या १५ मिनिटं आधी, म्हणजे गाडीतून उतरताना नाही, हॉटेलातून निघताना. सगळ्या उघड्या अंगाला मोठ्या माणसासाठी एक औंस, ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे भरून लागतं. लोक त्याच्या पाव लावतात आणि मग ‘लावूनही भाजलं’ म्हणतात. दर दोन तासांनी पुन्हा, म्हणजे आत गेल्यावर एकदा आणि हाफटाइमला एकदा. हमखास विसरतात त्या जागा: कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, गुडघ्यामागची खोबण, सँडलमधली पावलं. कपाळाला झिंक ऑक्साइडची स्टिक लावा, पातळ क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरतं आणि झोंबतं.

मधली_रांग:

बाकांबद्दलही सांगतो. बऱ्याच ठिकाणी पाठ नसलेले ॲल्युमिनियमचे बाक आहेत, माणशी साधारण १८ इंच जागा. उन्हात ते हात टेकवत नाही इतके तापतात, आणि हाफ पँटीत मांडीच्या मागे चटका बसतो. पाणी ओतलं तर मिनिटभर गार वाटतं, मग पुन्हा तापतात. बंद छिद्रांच्या फोमची पातळ गादी घ्या, फिक्या रंगाची. धातूची चौकट, हात किंवा खिसे असलेल्या गाद्या अडवतात. गादी नसेल तर टर्किश टॉवेल चार पदरी करून. आणि उठताना ती पालथी घाला, नाहीतर परत येईपर्यंत तीच तापते.

दौरा_प्रमुख:

पाण्याचं गणित मी असं करतो: उन्हात माणशी ताशी एक लिटर, सहा तास, सहा लिटर. चारजणांच्या कुटुंबाला २४ लिटर. टेलगेटला कूलरमध्ये एवढं ठेवायचंच.

फार्मासिस्ट_ताई:

कूलरमध्ये ठेवा दादा, पण ते सगळं पाजू नका. दर १५-२० मिनिटांनी एक कप, म्हणजे ताशी पाऊण ते एक लिटर, हा सल्ला उन्हात अंगमेहनत करणाऱ्यांसाठी आहे. त्यांनाही ताशी दीड लिटरच्या आतच राहायला सांगतात. बसून सामना पाहणाऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतं. नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहिलं की रक्तातलं मीठ उतरतं, आणि त्यात मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशीच लक्षणं येतात. लोक त्याला ऊन समजून आणखी पाणी पाजतात, तिथे प्रकरण बिघडतं. थोडं थोडं प्या, लघवी फिकट पिवळी आहे ना बघा, आणि काहीतरी खारट खात राहा.

ओआरएसची पाकिटं भारतातून आणलेली असतील तर ती सीलबंदच न्या. सुटी पांढरी पूड झिपच्या पिशवीत नेली तर फाटकावर विचारणा होणारच. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नका, दुप्पट तीव्र झालेलं द्रावण उलट त्रास देतं. अर्धं पाकीट घाला. घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेहाच्या रुग्णांनी आणि मीठ कमी सांगितलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

आता आईबाबांच्या गोळ्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, बीटा ब्लॉकर, सर्दीची जुनी झोप आणणारी गोळी, यांनी उन्हात शरीराला स्वतःला थंड ठेवणं अवघड जातं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. भारतातून निघायच्या आधी डॉक्टरांना ‘दिवसभर उन्हात बसायचंय’ असं सांगून विचारून घ्या. इन्सुलिन, इन्हेलर, छातीत दुखल्यावर घ्यायची नायट्रेटची गोळी खिशात नाहीतर बॅगेत, चिठ्ठीसकट. औषधांच्या बॅगेला बहुतेक ठिकाणी वेगळी तपासणी असते, ती कुठल्या फाटकावर ते आधी शोधा. वापरात असलेलं इन्सुलिन ८६ फॅरनहाइटच्या (३० सेल्सियस) वर जाऊ देऊ नये. बाकावर तापलेल्या पारदर्शक बॅगेत ते सहज जातं, म्हणून गार पाऊच लागतोच, पण बर्फाला थेट टेकवून नको.

आणि एक गोष्ट लोक धरतच नाहीत. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पुण्याच्या पावसाळ्यातून बुधवारी उतरलेले बाबा शनिवारी टेक्ससच्या उन्हात बसले तर त्यांचा एप्रिल-मेचा अनुभव त्या दिवशी कामाला येत नाही. मिशिगन-विस्कॉन्सिनहून येणाऱ्या पोरांनाही हेच लागू.

पन्हं:

ताई, खूप उपयोगी. कोकम सरबत, पन्हं चालेल ना?

फार्मासिस्ट_ताई:

टेलगेटला उत्तम, चिमूटभर मीठ घालून. आत नेता येणार नाही. बिअर पिणाऱ्यांनी प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी ठेवावं. शोष बहुतेकांना स्टँडमध्ये नाही, टेलगेटलाच पडायला लागतो.

फाटक_क्रमांक_४:

फोनचं कुणी लिहिलं नाही. तिकीट आता फोनवरच असतं, आणि आयफोनसारखे फोन ३५ सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. फाटकाच्या रांगेत हातात धरलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग तापमानाची सूचना दाखवून बंद पडतो. तिकीट आदल्या रात्री फोनच्या वॉलेट ॲपमध्ये उतरवून ठेवा. रांगेत फोन बंद करून टोपीत किंवा खिशात सावलीला, कव्हर काढून. तापलाच तर बर्फात किंवा कूलरमध्ये घालू नका, आत दव साचतं. सावलीत धरून वारा घाला, पाच-दहा मिनिटांत सुरू होतो. एकाच फोनवर चौघांची तिकिटं ठेवू नका, किमान दोन फोनवर वाटा.

टेक्सस_काका:

टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशन गावी जाणाऱ्यांसाठी: तिथल्या काइल फील्ड स्टेडियमवर यजमानांचा विद्यार्थीवर्ग सामनाभर उभा राहतो, आणि पाहुण्यांच्या भागातही पुढचे उभे राहिले की मागच्यांना उभं राहावंच लागतं. गुडघे ताठ करून तासभर उन्हात उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. टाचा वर-खाली करा, पोटऱ्या आवळा-सोडा, दर क्वार्टरला दोन मिनिटं बसा.

हाफटाइम २० मिनिटांचा असतो आणि सगळं स्टेडियम एकदम खालच्या मार्गिकेत उतरतं. दुसरा क्वार्टर संपायच्या तीन-चार मिनिटं आधी उठा. पाणी, बर्फ, स्वच्छतागृह, सगळं रांगेशिवाय होतं. हाफटाइम तिथेच सावलीत काढा आणि तिसऱ्या क्वार्टरला वर या. सलग उन्हाचे दोन तुकडे होतात, म्हाताऱ्यांना याचा फार फरक पडतो. प्रकृतीमुळे ऊन सोसतच नसेल तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन सावलीतली जागा मिळेल का विचारा. दरवेळी मिळत नाही, पण विचारल्याशिवाय तर कधीच मिळत नाही.

फार्मासिस्ट_ताई:

लक्षणं लिहून ठेवते, कारण गोंगाटात शेजारचा माणूस गप्प झालाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

भरपूर घाम, गार चिकट कातडी, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, चक्कर: ही उन्हाने आलेली थकवणूक. ताबडतोब खाली सावलीत न्या, आडवं करून पाय वर, कपडे सैल, ओलं फडकं, घोट घोट ओआरएस. अर्ध्या-एक तासात उतार पडला नाही किंवा उलटी होत असेल तर प्रथमोपचार केंद्र.

बोलणं अडखळतंय, उत्तरं भलतीच, चाल लटपटती, शुद्ध हरपतेय, अंग भाजतंय: हा उष्माघात. कातडी कोरडीच असेल असं नाही, घाम असतानाही होतो. इथे वाट पाहायची नाही. ९११ ला (तातडीच्या मदतीचा क्रमांक) फोन, आणि त्याच वेळी जवळच्या कर्मचाऱ्याला हाक. सेक्शन, रांग आणि जवळचं प्रवेशद्वार सांगा, नुसतं ‘वर बसलोय’ सांगून कुणी सापडत नाही. मदत येईपर्यंत गार पाणी अंगावर ओतत राहा, मान-काख-जांघेत बर्फ, वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, हा तो ताप नव्हे.

दौरा_प्रमुख:

ताई, पाण्याचं समजलं, माझा हिशेब सुधारतो. कूलरमध्ये माणशी तीन लिटर टेलगेटला आणि परतीला मिळून, आणि सोबत थोडं ओआरएस.

एक भर घालतो. कूलरमधलं निम्मं पाणी आणि निम्मा बर्फ सामन्यानंतरसाठी राखून ठेवा, झाकण टेप लावून बंद करा म्हणजे टेलगेटलाच संपत नाही. सामना सुटल्यावर तास-दीड तास वाहनतळातून गाडी हलत नाही, आणि दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. चारही दारं पाच मिनिटं सताड उघडी ठेवा, मग एसी लावून खिडक्या मिनिटभर खाली, आणि मगच आईबाबांना आत बसवा. तोवर ते गाडीच्या सावलीच्या बाजूला खुर्चीवर. घडीच्या दोन खुर्च्या डिकीत त्यासाठीच टाका.